बिनडोक्याचं कबूतर

...आणि वर मलाच विचारतो, "आई, तुम्ही काही दाबलंत का?" मी काय दाबणार? तुम्हाला सांगते, अख्खं तारुण्य मी इथे अमेरिकेत, फॉल रिव्हरच्या शिवणाच्या गिरणीत घातलं, सुई नखातून आरपार गेली तरी ब्र काढला नाही, चिंधी बांधली आणि पुढची बाही घेतली, ती मी यंत्राचं भलतंच काहीतरी दाबेन? पण बोलायचं कुणाला? जावई पडला. ब्रेंडन. माझ्या लुसिंडाचा नवरा. ग्रंथालयात कॉम्प्युटर सांभाळतो. माणूस सोन्यासारखा, जेवला की आपली ताटली आपण धुतो, लुसिंडावर कधी आवाज चढवत नाही, पण त्याला एक व्यसन आहे. दारू नाही, पत्ते नाहीत. लिनक्स.

आता माझा आणि लिनक्सचा काय संबंध? माझं कोलंबिया स्ट्रीटवर कपडे दुरुस्तीचं दुकान. पँट आखूड कर, लग्नाचा झगा सैल कर, आणि मागच्या खोलीत भरतकामाचं यंत्र. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, यंत्र ते कापडावर भरतं. तो कॉम्प्युटर म्हातारा झाला. मशिनवाल्या कंपनीने कळवलं की आमचा प्रोग्राम यापुढे नव्या कॉम्प्युटरवरच चालेल. मी म्हटलं, झालं, आता नवा घ्या. तर ब्रेंडन म्हणतो, "आई, टाकायचं नाव काढू नका, यात अजून जीव आहे. मी विंडोज काढून यावर लिनक्स घालतो. भरतकामाचा प्रोग्रामही मिळतो, लोक आपणहून बनवतात आणि वाटतात. फुकट." फुकट म्हटल्यावर आर्मांडोने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पेपरातून डोकं वर काढलं. एरवी तो घरात आग लागली तरी काढत नाही.

बरं, लिनक्स घालायचं तर कुठलं? कारण ते एक नाही. आमच्या अझोर्सच्या, म्हणजे पोर्तुगालच्या बेटांवरच्या, बायकांचं सणाचं सूप असतं ना, तसं ते आहे. एक पुदिना घालते, दुसरी कोबी घालते, तिसरी म्हणते कोबी घातलंत तर ते सूपच नव्हे, आणि यावरून बहिणी बहिणींशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. खाणाऱ्याला विचारा, त्याला मांस शिजलंय की नाही एवढंच कळतं. ब्रेंडन दोन संध्याकाळी माझ्या दुकानात बसून स्वतःशीच भांडत होता, हे घालू की ते घालू. मी म्हटलं, बाबा रे, ज्यात दोरा तुटत नाही ते घाल.

आणि खोटं कशाला बोलू, चाललं. छान चाललं. सगळं त्याने प्रेमाने पोर्तुगीजमध्ये करून दिलं, कारण मी शिकले चौथी, तीही साओ मिगेल बेटावर, इंग्रजी बोलताना मी कुणाला हार जात नाही पण वाचताना जीव जातो. एकच खोड होती. यंत्राला हुकूम द्यायचा एक काळा पडदा असतो, त्यावर परवलीचा शब्द टाईप करायचा तर एक अक्षर दिसत नाही, ठिपकासुद्धा उमटत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं कीबोर्ड मेला. मी बडवतेय, बडवतेय. ब्रेंडन म्हणतो, "ते मुद्दाम आहे, आई." मुद्दाम? दुकानात मी एकटी, चोरून बघणार कोण, आर्मांडो?

तर आता कबूतर. हिवाळ्यात आर्मांडोच्या हृदयाची झडप बदलली. तो आत आणि मी बाहेर बाकावर. आणि त्या बाकावर मी पवित्र आत्म्याला नवस बोलले की याला चालत घरी पाठव, तुझ्या सणाच्या मिरवणुकीत नवा ध्वज असेल, लाल रेशमावर तुझंच रूप, चंदेरी कबूतर, माझ्या हातचं. पाठवला त्याने. चालत. दारातच विचारलं, जेवायला काय आहे. म्हणजे देवाने आपलं काम चोख केलं, आता पाळी माझी. बोटं तर गिरणीने खाल्ली, हाताने बारीक टाका होत नाही, म्हणून यंत्र. सण तोंडावर आलेला, मी आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर भरून बघितलं. पंख आले, काय सुरेख आले, शेपटी आली, किरणं आली. आणि डोकं नाही. पाय नाहीत. मानेपाशी सरळ कापलेलं.

आर्मांडो जवळ येऊन बघतो आणि म्हणतो, "वा, भाजायला तयार."

मी पुन्हा भरलं. पुन्हा मुंडकं गायब. ब्रेंडनला बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही काही दाबलंत का?" आणि मग हळूच म्हणतो, "परवा नवी आवृत्ती आली होती, मी घालून ठेवली." मी म्हटलं, जुनी चालत होती ना? "हो." मग? "पण नवी आली होती ना, आई." घरात लग्न उभं असताना कुणी स्वयंपाकघराची फरशी उखडतं का? हे लोक उखडतात. नवी फरशी आली होती ना.

मग तो तेच चित्र आपल्या घरी घेऊन गेला आणि फोन केला. आणि तिथे मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. "आई, माझ्याकडे तर चालतंय."

प्रोग्राम बनवणाऱ्यांचा एक चौक आहे कॉम्प्युटरवर, तिथे जगभरचे लोक तक्रारी लिहितात. ब्रेंडनने आमची लिहिली, कबुतराचं चित्रही जोडलं. एकाने उत्तर दिलं, माझ्याकडे तर चालतंय. दुसऱ्याने लिहिलं, माझ्याकडेही चालतंय, आणि खाली हसरा चेहरा. ऑर्विल नावाच्या गृहस्थाने लिहिलं की तुम्ही लिनक्सच चुकीचं घातलंय, मी वापरतो ते घाला, माझ्याकडे चालतंय. आणखी एक महाशय म्हणाले, हा प्रश्न आधी विचारून झालाय, तिकडे बघा. तिकडे गेलो तर तिथे लिहिलेलं, हा प्रश्न आधी विचारून झालाय, तिकडे बघा. तिकडून जिकडे पाठवलं तो म्हणजे आमचाच प्रश्न. तुम्हाला सांगते, पालिकेच्या कचेरीतसुद्धा मला इतकं सफाईने फिरवलेलं नाही.

मी म्हटलं, यांची माणसं कुठे भेटतात? तर दर मंगळवारी यांची बैठक असते, सगळे आपापल्या घरून कानाला यंत्र लावून बोलतात. मी म्हटलं, मला लाव ते. ब्रेंडन म्हणाला, "आई, पण जरा नम्रपणे. ते सगळे स्वखुशीने काम करतात." मी म्हटलं, मी कधी नम्र नसते? तर तो चष्मा पुसत बसला.

बैठकीत मुख्य म्हणजे थॅडियस, ओरेगॉनचा, त्यानेच हा प्रोग्राम मुळात लिहिला. आवाज असा, की फादर उपदेशाला उभे राहिलेत.

"नतालिया, आधी तुमचं मनापासून स्वागत. आमच्याकडे तक्रार मांडायची एक पद्धत आहे..."

"बाबा, माझं कबूतर डोक्याशिवाय जन्माला येतंय. यात पद्धत कसली?"

"बरं. हे दर वेळी होतं का?"

"सकाळपासून सहा मारली."

तेवढ्यात तो ऑर्विल घसा खाकरून, "मी फक्त नोंद म्हणून सांगतो, माझ्याकडे तर..."

"तू थांब. तुझ्याकडे चालतंय हे मी वाचलंय. माझ्या घराला आग लागली तर तू रस्त्यात उभा राहून सांगणार का, आमचं घर तर छान आहे?"

ऑर्विल म्हणाला की बाईंचा मुद्दा भावनिक आहे. थॅडियस म्हणाला की मुद्दा भावनिक असला तरी आग ही उपमा बरोबर आहे. तिथून ते दोघं लागले. आधी उपमेवर, मग नव्या आवृत्तीतल्या एका बटणाच्या नावावर, मग प्रोग्राम लिहिताना ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा किती सोडायची यावर. माझं कबूतर तिथेच पडलेलं. मी कानाचं काढून ब्रेंडनकडे बघितलं. तो म्हणाला, "जागेचा मुद्दा तसा महत्त्वाचा आहे, आई."

आणि त्या गलक्यात एक बारीक आवाज आला. "मॅडम... माझ्याकडेही चालत नाही."

कोण? रेजाँ. कॅनडाच्या त्र्वा-रिव्हिएरचा, फ्रेंच बोलणारा, निवृत्त बसचालक. गावच्या हॉकी क्लबच्या टोप्यांवर मूस, म्हणजे तिकडचं थोरलं हरीण, भरून देतो. मूस म्हणजे शिंगं, शिंगांशिवाय मूसला कुणी विचारतं का? नवी आवृत्ती घातली तेव्हापासून शिंगं येईनात.

"पोरं म्हणतात, आजोबा, आमच्या क्लबाचं नाव आता गाढवं ठेवू या."

मी म्हटलं, "मग तू इतके दिवस बोलला का नाहीस रे?"

"सगळ्यांकडे चालत होतं ना, मॅडम. मला वाटलं, दोष माझ्यातच असेल."

तुम्हाला सांगते, तो माणूस समोर असता तर मी त्याला छातीशी धरलं असतं, आर्मांडोच्या देखत. सगळ्या जगाकडे चालतंय आणि एकट्या आपल्याकडे चालत नाही, असं समजून गप्प बसायला मी पण शिकले होते, गिरणीत. पण आता आम्ही दोघं होतो. मी म्हटलं, "ऐकलंत? एक कबूतर, एक मूस. आता सांगा, कुणाकडे चालतंय?"

थॅडियस एकदम थांबला. मग त्याचा तो फादरचा आवाज गेला आणि पोरासारखा आवाज आला. "थांबा थांबा... तुम्हा दोघांचे कॉम्प्युटर कुठल्या भाषेत आहेत?"

माझा पोर्तुगीज, त्याचा फ्रेंच. थॅडियसची बोटं खडखडली, आपला कॉम्प्युटर त्याने पोर्तुगीज केला, यंत्राची घरघर ऐकू आली. आणि तो ओरडला, "गेलं! माझ्याही कबुतराचं डोकं गेलं!" त्यानंतर जे काय झालं... ऑर्विल म्हणतो थांबा, मीही करतो, आणि पाच मिनिटांनी, "माझंही मेलं हो!" टाळ्या काय, हसणं काय, पहिला बर्फ पडल्यावर मुलं अंगणात धावतात तसे. अशी माणसं मी पाहिली नाहीत. चाललं की यांना कंटाळा येतो, बिघडलं की हे नाचतात.

झालं होतं ते असं. कापडावर धाग्याएवढे फालतू ठिपके राहू नयेत म्हणून प्रोग्राम बारीकसारीक गाळतो. किती बारीक, तो आकडा आत लिहिलेला. आता अपूर्णांकात हे इंग्रजीवाले टिंब देतात, आम्ही आणि फ्रेंच लोक स्वल्पविराम. नव्या आवृत्तीला स्वल्पविराम कळेना, तिने तो गिळला, आकडा फुगला, आणि धाग्याएवढ्याच्या जागी तिने बोटाएवढं वाचलं. म्हणजे बोटाहून लहान ते सगळं कचरा. कबुतराचं डोकं कचरा, मूसची शिंगं कचरा. पवित्र आत्म्याचं डोकं, विचार करा.

थॅडियसने दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवलं, खाली लिहिलं, नतालिया आणि रेजाँ यांच्यामुळे. ऑर्विलने ते बिनडोक्याचं कबूतर आपल्या टोपीवर भरून फोटो पाठवला, म्हणे आता आमच्यात सगळ्यांना हवंय. मी ध्वज भरला. चादरीवर नाही, थेट लाल रेशमावर, कारण नवस आहे, घाबरायचं किती? डोकं आलं. चोच आली. पाय आले. डोळा असा, की माझ्याकडेच बघतोय.

सणाच्या दिवशी तो ध्वज आर्मांडोने धरला. डॉक्टर म्हणाले होते जड उचलू नका, मी म्हटलं रेशीम काय जड? चर्चपर्यंत चालला, मध्ये एकदाही थांबला नाही, मी मागून फक्त त्याची पाठ बघत होते. देवाचं आणि माझं मिटलं.

मग आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये सणाचं सूप, लांब टेबलं, आणि माझ्यासमोर येऊन बसली देओलिंडा, पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाचं भरतकाम करते ती. ध्वजाजवळ जाऊन, नाक लावून, टाका टाका तपासून आलेली. खोट सापडली नाही म्हणून भूक मेलेली. सूप ढवळत म्हणते, "नतालिया, माझ्या भाच्याने पण मला तुझ्यासारखंच लिनक्स घालून दिलंय गं. पण माझी फुलं उलटी येतात. देठ वर, पाकळ्या खाली. तुला काही कळतं का?"

आता मला सगळं आठवत होतं. आग, घर, रेजाँचा तो बारीक आवाज. शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं ते "उद्या दुकानात ये, बघू" असंच म्हणायला. पण चमचा तोंडात, ध्वज भिंतीवर झळकतोय, समोर देओलिंडा... आणि माझ्या कानांनी मी ऐकलं.

"उलटी? अगं, माझ्याकडे तर चालतंय."

ब्रेंडनला सूपचा ठसका लागला. मला वाटलं, आता तरी गप्प बसावं. पण जीभ कसली ऐकते, ती पुढे निघालेलीच होती.

"तू लिनक्स कुठलं घातलंयस, ते आधी सांग."

आर्मांडोने चमचा खाली ठेवला, जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "गेली रे बाबा. ही पण गेली."