जो तोरकानचा नागरिक नव्हता

मंडळी, मागच्यांनी पुढं सरका. पुढच्यांनी मागं सटकायचा विचार सोडा, मला इथून सगळं दिसतं. आज एकच प्रश्न आहे. दार उघडं दिसलं — पण उघडणाऱ्याच्या मनात देव नव्हता, राजकारण होतं. आत जायचं की नाही?

शिरसाठमामा पेटीवर मान हलवतायत. ते उत्तर धरू नका. ते झोपेतही तशीच हलवतात.

तर ऐका. आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात सलोमीबाई अमोलिक नावाची परिचारिका होती. तिनं एकोणीस वर्षं एका परक्या देशासाठी प्रार्थना केली — तोरकान. लांब, डोंगरांत. तिथं मिशनऱ्याला बंदी. लोक म्हणायचे, "बाई, आधी राहुरीला तरी जाऊन या." बाई हसायची आणि रेडिओ लावायची. तोरकानच्या केंद्रावर एकच कार्यक्रम नीट ऐकू यायचा — हवामानाचा अंदाज. शब्दकोश मांडीवर घेऊन बाई त्यावरून भाषा शिकली.

आता राजकारण. तोरकान आणि शेजारी देश यांच्यामध्ये एक पूल. दोन टोकांना दोन पुतळे. तोरकानच्या पुतळ्याची टोपी एक वीत उंच निघाली. झालं! शेजाऱ्यानं आपले डॉक्टर परत बोलावले. अकरा डॉक्टर, एक बस. बस गेली. औषधं राहिली, टोचणारं कोणी राहिलं नाही. सरकारनं जाहिरात दिली — परिचारिका पाहिजेत, कुठल्याही देशाच्या, कुठल्याही धर्माच्या. फक्त एका कागदावर सही करायची: धर्माबद्दल बोलणार नाही.

आता तुम्ही सांगा. पुतळ्याची टोपी देवानं वाढवली का? मला माहीत नाही. सलोमीबाईनंही विचारलं नाही. तिनं सही केली आणि बॅग उचलली.

पहिल्याच आठवड्यात कर्नल ओरबेकचं बोलावणं आलं. त्या प्रांताचा तो मालक म्हणा ना. त्याची बायको दुपारी बाळंत झाली होती, आणि रक्त थांबत नव्हतं. बाईनं पोट चोळलं, नाडी पाहिली आणि येत होती त्याच हवामानाच्या भाषेत म्हणाली, "परिस्थिती गंभीर आहे. पुढील अर्ध्या तासात आणखी बिघडण्याची शक्यता आहे." कर्नलनं खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

बाईनं इंजेक्शन भरलं. आणि मंडळी, इथं घोटाळा झाला. आपल्या मिशन दवाखान्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे — सुई टोचण्याआधी डोळे मिटायचे, दोन शब्द प्रार्थनेचे. तीस वर्षांची सवय. हातात सुई, डोळे बंद, ओठ हलतायत.

कर्नलनं तिचं मनगट धरलं. "आंधळेपणानं टोचणार? काय पुटपुटलीस? विष आहे का यात?"

"नाही."

"मग कोणाशी बोललीस?"

आली का पंचाईत? खरं सांगितलं तर कागद मोडला. हाकलतील, दार बंद, एकोणीस वर्षं पाण्यात. खोटं सांगितलं तर... खाटेवरून रक्त ठिबकत होतं. बाईला तेवढंच ऐकू येत होतं.

"येशूशी," ती म्हणाली. "माझा हात थरथरत होता. हातातला वारा मंदावू दे म्हणाले."

"म्हणजे तुझी तुलाच खात्री नाही?"

"नाही."

"गेलेल्या अकरा डॉक्टरांना फार खात्री होती," तो म्हणाला. मग दारातल्या कारकुनाकडे वळला. "हिनं सही केलेला कागद वाच."

कारकून वाचू लागला, "तोरकानच्या कोणत्याही नागरिकाशी धर्माबद्दल बोलणार नाही."

"हा येशू आपला नागरिक आहे?"

कारकुनानं गंभीरपणे वही चाळली. "तशी नोंद नाही, साहेब."

कर्नलनं मनगट सोडलं. "टोच."

तिनं टोचलं. पाच मिनिटं. दहा. ठिबकणं मंदावलं. थांबलं. बायकोनं डोळे उघडून पाणी मागितलं.

संध्याकाळी कर्नल पुन्हा बाईकडे आला. "तो कोण, ज्याच्याशी तू बोललीस?"

बाईनं टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. म्हणजे, तुम्ही नागरिक, मी सही केलेली.

कर्नलनं कागद उचलला. चार घड्या घातल्या. खोलीतल्या एका खुर्चीचा पाय डगमगत होता, त्याच्याखाली सरकवला. मग त्याच खुर्चीवर बसला.

"आता हलत नाही," तो म्हणाला. "सांग."

मंडळी, भांडण टोपीचं, बस डॉक्टरांची, दार सरकारचं. यात देवाचं काय होतं? एकोणीस वर्षं बॅग भरून बसलेली एक बाई. दार कोणी का उघडेना, आत जायला माणूस तयार लागतो.

आता आपलं बघू. शेजारचा रोज तुमच्या ओट्यावर बसतो, चहा पितो. त्याच्याजवळ तुम्ही पावसाबद्दल बोलता, मतदानाबद्दल बोलता. येशूबद्दल? नाही. का? तुमच्याकडून कोणी सही घेतलीय का? कागद दाखवा मला. नाही ना? मग इतकी वर्षं आपण पाळतोय तो कागद कोणाचा?

शिरसाठमामा, मान हलवू नका. सूर धरा.