खळ्यात फटफटी

तुमी आजच्या पोरांना नावं ठेवायलाव, पर आमीबी काय कमी नव्हतो. ताडकळसजवळच्या आमच्या गावात तवा दोनच फटफट्या, त्यातली एक माझी. वडील पोलीस पाटील, मग रस्ता कशाला पायजे? बांधावरून, लोकांच्या रानातून कुठूनबी पळवायचो. लोक तक्रार घेऊन आले की वडील म्हणायचे, "पोरं हायेत, सांगतो त्यांना." सांगितलं कधीच न्हाई.

एकदा पैजेच्या नादात, दोस्ताला मागं बसवून, सरळ लिंबाजीकाकाच्या खळ्यात घुसलो. सकाळीच सारवलेलं खळं, मधी ज्वारीची रास. म्हातारा ओरडला न्हाई. जवळ येऊन म्हणला, "पाटील, चपला काढा."

खळ्यात चपला घालून कुणी जात न्हाई, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी उतरून झटकन काढल्या.

म्हाताऱ्यानं चाकांकडं बोट केलं. "आता हिच्याबी काढा."

मग मी आन माझ्या दोस्तानं ती फटफटी उचलून, अनवाणी, बांधापार नेली. चपलांसाठी माघारी आलो तर म्हातारा चाकांचे वळ शेणानं सारवत बसलेला.

"काका, वडलांना सांगणार का?"

वर न बघताच म्हणला, "त्यांना लय बार सांगितलं, पाटील. म्हणून आज तुमाला सांगितलं."