भर दरबारात हात

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टेकून बसले होते. पलीकडे आजी. विषय टीव्हीवरच्या पेशवाईतल्या प्रेमकथेचा.

"अहो, कालचा भाग काय सुंदर झाला!"

"त्या सरदाराने भर दरबारात बायकोचा हात धरला. पेशवाईत?"

"प्रेम आहे त्याचं."

"असेल. ते घरी करावं. आणि तो सरदार दिसतो तरी का? हिंजवडीच्या बसची वाट बघत असल्यासारखा उभा असतो."

"मग रोज बघता कशाला?"

"चुका काढायला. कोणीतरी हवं ना."

"आणि काल डोळे पुसत होतात ते?"

"मोतीबिंदू आहे मला. पाणी येतं."

"मोतीबिंदू डाव्या डोळ्यात आहे. पुसत दोन्ही होतात."

"मंदा, हा दवाखाना आहे."

"बरं. ऑपरेशननंतर आठ दिवस टीव्ही बंद, डॉक्टर म्हणालेत."

"आठ दिवस? अगं, परवा तो मोहिमेवर निघतोय!"

"निघू दे. चुकाच तर असतात."

"तू बघ आणि मला सांग. ती त्याला निरोप देताना काय म्हणते, ते नीट ऐक. गाळू नकोस काही."

नर्सने नाव पुकारलं. आजोबा उठले, एक पाऊल टाकून थांबले.

"सगळं धुरकट दिसतंय. हात धर जरा."

"भर दवाखान्यात? लोक बघतायत."

"बघू देत. चुका काढायला कोणीतरी हवंच."