उरलेली तीन अक्षरं

अहो, ते खोक्यातलं अक्षर ठेवा खाली, ते विकायचं नाही — हं, चिठ्ठी द्या इकडे. बाप झालात ना नुकतेच? कळतंच की, शर्टाची बटणं वरखाली लागलीत. काय, लेकीची पाटी? एवढीशी पोर आणि दारावर पाटी तिच्या नावाची! तुमचं नाव कुठं मग, पायपुसण्यावर? — बरं बरं, चेष्टा केली. चाळीस वर्षं पितळी अक्षरं कापतोय, गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय माझी करवतच चालत नाही. बघू, काय नाव —

हे नाव? हे कुठनं काढलंत? मोबाइलवर नाही सापडायचं, सांगून ठेवतो — कारण हे मी केलंय. हसू नका. एकानं घराची पाटी सांगितली आणि अर्ध्यात नको म्हणाला, तोवर तीन अक्षरं कापून झालेली, ती राहिली माझ्या खिशात. त्याच दिवशी आमची लेक झाली. लग्नाला अकरा वर्षं उलटलेली, आधी नाव ठरवायचा धीरच झाला नव्हता, आणि दवाखान्यातला कारकून विचारतोय, नाव काय लिहू? तिन्ही अक्षरं टेबलावर मांडली, झालं नाव! तीच ती, त्या खोक्यातली. बायकोला ठोकून दिलं — जुना शब्द आहे, अर्थ 'जिची वाट पाहिली ती'. लेकीलाही तेच सांगत आलो. थाप होती खरी, पण खोटं तरी काय होतं त्यात?

पण ही मेली जीभ! लेकीच्याच लग्नात, घरभर पाहुणे असताना, गंमत म्हणून खरी गोष्ट सांगून बसलो. सगळे हसले, ती नाही हसली. "म्हणजे मी उरलेल्या अक्षरांची, बाबा," एवढंच म्हणाली. सात वर्षं झाली, साधा फोन नाही. चूक माझीच. फार आठवण येते हो तिची — जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतोय मी हे —

काय? कुठली नर्स? तिच्यावरनं ठेवलंत नाव? अर्थ सांगितला तिनं? — 'जिची वाट पाहिली ती'. अस्सं. बोलताना चष्मा डोक्यावर सारते का? — सारते. आणि नाव कुणी ठेवलं, ते काही बोलली? — 'माझ्या बाबांनी घडवलं'. घडवलं म्हणाली? नक्की?

उद्या या. नवा पत्रा कापतो, तुमच्या पोरीला उरलेलं काही लावायचं नाही. आणि त्या हॉस्पिटलचा पत्ता चिठ्ठीमागे लिहून ठेवा — लिहिलात? मग निघा आता, दुकान बंद करायचंय मला.