दरीची तयारी

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघणाऱ्या शिक्षिकेने मासिक उघडलं होतं, पण कान शेजारच्या जोडप्याकडे होते.

"रविवारच्या दरीच्या ट्रेकसाठी या पन्नाशीत रोज गच्चीपर्यंत जिने चढलो. तरी परवा टेकडी उतरताना गुडघ्यांनी दगा दिला."

"चढलात हो. उतरताना मात्र लिफ्ट."

"दमायचो गं."

"एका दिवसात दरी उतरून परत वर यायचंय. तिथे लिफ्ट कोण लावणार होतं?"

"हे आत्ता सांगतेस?"

"रोज सांगत होते. तुमच्या कानात गाणी."

"तू माझी पाण्याची बाटली घेऊन मागे असायचीस. तुझे गुडघे कसे शाबूत?"

"मला लिफ्टची धास्ती. मी जिन्यानेच उतरायचे."

शिक्षिका पान उलटायला विसरली.

"म्हणजे रविवारी माझी जागा रिकामी जाणार."

"रिकामी कशाला? मी माझं नाव दिलंय. सकाळी बाटली तेवढी भरून द्या."