लाल्याची तब्येत

आता मला सांगा, चावलेल्या माणसानं चावणाऱ्या कुत्र्याला पेढा भरवायचा, ही कुठली रीत? आणि नुसता भरवायचा नाय हो, समोर उकिडवं बसून, "खा रे बाबा, एवढा एक खा" म्हणून... कृष्णाबाई दारात उभी राहून म्हणते, "लग्नात पण मला एवढा आग्रह नव्हता केलात." बरोबर हाय की तिचं!

तर हा विठू, आमच्या जोहे गावातला, कृष्णाबाईचा नवरा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो. हात असा स्थिर, की बघत राहावं. पण त्याची एक सवय. डोळे आखून झाले की एक डोळा मिटायचा, मान वाकडी करायची आणि मागं मागं सरकत जायचं, दोन्ही डोळे सारखे आलेत का बघायला. त्या दिवशी असाच सरकत सरकत दारापर्यंत आला, आणि दारात झोपला होता लाल्या, आळीतला कुत्रा. पाय पडला शेपटीवर. लाल्यानं धरली पोटरी. आता चूक कोणाची, तुम्हीच सांगा.

कृष्णाबाई शहाणी. शेजारची अनिता चमचाभर तिखट घेऊन धावत आली, "भर गो जखमेत, विष उतरतं." कृष्णाबाई म्हणाली, "ते तुझ्या आमटीत घाल." नळाखाली साबणानं जखम खळाखळा धुतली, आणि नवऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेला.

तिथं प्रतिक्षा सिस्टर. तिनं सुई काढली, आणि तुम्हाला सांगतो, उंच मूर्तीचा मुकुट रंगवायला फळीवर माकडासारखा चढणारा हा माणूस, पांढराफटक पडला. "सिस्टर, यात गोळी नाय येत काय?" सिस्टरनं टोचली आणि बजावलं, "काका, अजून सुया घ्यायच्यात, एक पण चुकवायची नाय. हा रोग एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाय. आणि त्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, मेला बिला तर लगेच येऊन सांगा."

झालं! दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या बाईनं, आणि ह्यानं घरी आणली फक्त दुसरी. पहिली दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून आला. घरी येऊन सांगतो, "कुत्रा जगला की माणूस जगला, मग सुई कशाला?" तेव्हापासून त्याचा एकच जप... लाल्या जगला पाहिजे!

पण आळीत तांबडा कुत्रा काय एकच हाय? उद्या भलताच जगायचा आणि आपण समाधानात राहायचं! म्हणून विठूनं ब्रश घेतला आणि लाल्याच्या कपाळावर शेंदरी पट्टा ओढला. आता हात बसलेला ना... राहवलं नाय, डोळ्यांना पण काळी रेघ ओढली, कोपऱ्यातनं जरा वर नेऊन. पाण्याचा रंग हो, घाबरू नका. पण कुत्रा असा देखणा दिसायला लागला, की येणारी-जाणारी माणसं थांबायची.

आणि आळी कशी बदलली! कारखान्याचा मालक जनूशेठ, कामगाराला चहा देताना कप अर्धा भरणारा माणूस, तो पेढे घेऊन यायला लागला. "विठू, जेवला का रे लाल्या?" अनिता जवळा-भात कालवून आणायची. तिनं तर मच्छरदाणी बांधली त्याच्यावर, "डास चावून मलेरिया झाला म्हणजे?" सगळ्यांच्या तोंडी तेच, लाल्या जगला पाहिजे! विठूचे डोळे भरून आले. म्हणाला, "माणसं किती जीव लावतात गो मला." कृष्णाबाई म्हणाली, "ते राहू द्या, सुईची तारीख टळून गेली." तर म्हणतो, "लाल्या पाणी प्याला का बघ आधी."

एके दिवशी लाल्या जेवेना. उठेना. विठूच्या तोंडचं पाणी पळालं. कुत्रा मांडीवर घेऊन रिक्षानं पेण, गुरांच्या डॉक्टरकडं. "डॉक्टर, काय पण करा, हा जगला पाहिजे." डॉक्टर गहिवरले. "लहानपणापासून पाळलाय वाटतं?" "नाय हो, चावलाय." डॉक्टरांनी पोट दाबलं, म्हणाले, "अजीर्ण झालंय, पेढे बंद. पण तुम्ही तुमच्या सुया घेताय ना?" विठू पंख्याकडं बघायला लागला.

लाल्या बरा झाला आणि दुसऱ्या सकाळी गायब. अख्खी आळी ओढ्यात, शेतात, पत्र्यांखाली शोधतेय. दुपारी फोन आला भाड्याच्या टेम्पोवाल्या रितेशचा, रोह्याला मूर्ती पोचवायला गेला होता तो. "मूर्ती उतरवल्या. आणि पेंढ्यात कुत्रा झोपला होता, तो वाटेत नागोठण्यात मी चहाला थांबलो तिथं उतरून गेला. कपाळावर शेंदरी पट्टा बघून मला वाटलं कुठल्या देवाचा असेल, मी कशाला अडवू?"

आता लाल्या जगला काय, मेला काय, विठूला कळणार कसं? हळूच म्हणाला, "खरं सांगू गो? मला सुईची भीती वाटते. लाज वाटायची सांगायला."

कृष्णाबाई हसली नाय. म्हणाली, "आणि मला तुमच्या मरणाची वाटते. चपला घाला."

दवाखान्यात पोचले तर रांग ही एवढी. आणि रांगेत कोण? पुढं जनूशेठ, बोटाला फडकं. मागं अनिता, मनगटाला पदर गुंडाळून. त्यांच्या मागं अर्धी आळी! जनूशेठ खाली बघत म्हणाला, "पेढा देताना लागला रे दात. सीझनात रांगेत कोण उभं राहणार, म्हटलं लाल्या जगतोय ना." अनिता म्हणाली, "मला मच्छरदाणी बांधताना." घ्या! म्हणजे जीव लावला होता खरा... पण ज्यानं त्यानं आपापल्या जिवाला.

सिस्टरनं विठूला आधी आत घेतला. "उशीर केलात काका, पण आता पुढच्या सगळ्या घ्यायच्या." विठूनं डोळे घट्ट मिटले, कृष्णाबाईचा हात धरला. "झालं?" "कधीच झालं."

मग सिस्टर बाहेर आली, रांगेवरनं नजर फिरवली. "सगळ्यांना एकच कुत्रा?"

रांग म्हणाली, "व्हय."

"आणि तो कुठाय?"

"नागोठण्यात."

सिस्टरनं कपाळाला हात लावला, फोन उचलला आणि तिथल्या सिस्टरला म्हणाली, "ताई, लस जास्तीची मागवून ठेवा. आमचा कुत्रा आलाय तुमच्याकडं... आणि दिसायला देखणा हाय, लोक हात लावणारच."