देवीची भिंतीकडची बाजू

नाही. तो ब्रश आधी पिशवीत ठेवा, मग बोला. — परवानगीचा कागद मी पाहिला. ती परवानगी रस्त्याच्या जागेची आहे, गाभाऱ्याची नाही. बोरीवलीची ही गावदेवी आम्हा गुरवांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. महामार्गवाले काल आले, आणि तुम्ही त्यांच्या पुढे धाडलेल्या — खोदण्यापूर्वी जुनं काय आहे ते पाहायला, बरोबर? पाहा ना. बाहेर विहीर आहे, तिचे चिरे मोजा. देवीला हात लावायचा नाही.

काय म्हणालात? गधेगाळ? — हा शब्द इथे पुन्हा उच्चारू नका, गंधालीबाई. राजाने जमीन दान दिली, वर लेख कोरला, खाली जमीन बळकावणाऱ्याच्या आईला गाढवाची शिवी चित्रात कोरली — ठाऊक आहे मला. शाळेत मुलं शिकवलीत मी, अडाणी नाही. पण हा दगड साधा आहे. शेंदराखाली काही नाही. ना पुढून, ना मागून. आणि तुम्ही म्हणता तसा पंधरा ओळींचा लेख एवढ्याशा दगडावर मावेल तरी? इतक्या ओळी नाहीतच त्यावर, वरच्या तर झिजून —

अशा बघू नका माझ्याकडे.

बरं. ऐका, पण तो कॅमेरा बंद करून ऐका. नवरात्राआधी देवीचं जुनं शेंदराचं कवच उतरवतात. दाराला पडदा लागतो; आत घराण्यातला एकच पुरुष. दगड धुवायला पुढे सरकवावा लागतो, आणि तेव्हाच भिंतीकडची बाजू दिसते. बाहेर लोक म्हणतात, देवीचं सोवळं. माझ्या बायकोने, विमलानेही, ती बाजू कधी पाहिली नाही, विचारलंही नाही. कुणा पूर्वजाने ते चित्र भिंतीकडे वळवलं आणि कोऱ्या पाठीला चांदीचे डोळे बसवले. — फसवणूक? म्हणा. तुमचं शिक्षण तुम्हाला तेवढंच म्हणू देईल. या पाठीपुढे गावातलं प्रत्येक पोर पहिल्यांदा ठेवलं जातं. मला ठेवलं, माझ्या बापाला ठेवलं. हात जोडले ते चित्राला नव्हेत.

कळतं हो मला, दोनदा सांगू नका! कोरीव शिळा म्हणून नोंद झाली तर रस्ता वळेल, देऊळ वाचेल. नाही झाली तर बेकायदा बांधकाम, आणि दारात जेसीबी. तो कंत्राटदाराचा विकी परवा इथेच उभा राहून सांगून गेला — ‘काका, टेन्शन कशाला घेता? रस्त्याकडेला आमचा टॉवर होईल ना, त्याच्या लॉबीत देवीला झकास एसी मंदिर देऊ!’ देवीला एसी! चपलेसकट आत आला होता, हाकलला. तुम्ही निदान चपला काढल्यात, म्हणून इतका वेळ बोलतो आहे.

पण वाचेल काय, ते सांगा. तुम्ही दगड फिरवणार, दिव्यांचे झोत टाकणार, फोटो काढणार, शेजारी पाटी लावणार. आणि जिने इथे आपलं तान्हं ठेवलं, ती पाटी वाचणार. — ज्याने ही शिळा उभी केली, त्याने जमीन राखण्यासाठी एका बाईची अब्रू दगडावर मांडली. देऊळ राखण्यासाठी मी ती पुन्हा चव्हाट्यावर मांडू? माझ्या हातून होणार नाही. फुटेल तर देवी म्हणून फुटेल.

तेव्हा लिहा — साधा दगड, कोरीवकाम नाही. खोटं? होय, खोटं. माझ्या तोंडचं म्हणून लिहा. त्याचा जाब मी तिला देईन, तुम्हाला नाही. जेसीबी येईल त्या दिवशी पडदा लावायला मी इथेच असेन.

उठा आता. दाराशी श्वेता बाळ घेऊन केव्हाची खोळंबली आहे. तिला वाट द्या. — ये गं पोरी. अशी समोर ये. ठेव त्याला आईपुढे.